देवडीच्या उंबऱ्याबाहेर

जुनी वास्तू बघायला गेलो की लोक आधी कमान बघतात, कोरीवकाम बघतात, एखादा हौशी असेल तर भिंतीवरून हात फिरवतो. मी आधी दार बघतो. ते आत उघडतं की बाहेर, कडी वर आहे की खाली, माझ्यात आणि दारात किती माणसं उभी आहेत. मग वर बघतो. तुळया किती जाड, त्यांना कुठं वाळवी लागलीय का, पाणी मुरल्याचा डाग आहे का. एवढं होईपर्यंत बरोबरची मंडळी पुढच्या दालनात गेलेली असतात आणि मी मागं राहून चपलेचा पट्टा नीट करत असतो. चपलेच्या पट्ट्याचं हे नाटक मी इतकी वर्षं केलं, की बायकोनं मला दोनदा नव्या चपला आणून दिल्या.

मी इतिहासाचा मास्तर. लातुरात मुलं डॉक्टर-इंजिनियर व्हायला येऊ लागली, गल्लीगल्लीत क्लास आणि खानावळी झाल्या, तेव्हा आमच्या संस्थेनं कला शाखा हळूहळू मिटवली. मला काढलं नाही, एवढी त्यांची मेहेरबानी. वसतिगृहावर नेमलं, आणि वर्षातून एकदा मुलांची सहल न्यायचं काम दिलं. मुख्याध्यापक म्हणाले, "तुमचे किल्ले-बिल्ले दाखवून आणा. एक दिवस डोकं हलकं होईल पोरांचं. पण सोमवारी टेस्ट आहे, रात्री परत पाहिजेत." झालं. ज्या माणसाला जुन्या छताखाली उभं राहवत नाही, त्याच्याकडं जुनी छतं दाखवायचं काम आलं. मला भीती वाटते हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. इतिहासाच्या मास्तरानं ते सांगायचं तरी कसं?

भीती कुठली ते आता सांगतो. भूकंपाच्या पहाटे मी गावी होतो. औशाच्या पुढं आमचं गाव, किल्लारीपासून फार लांब नाही. जमिनीखालून ट्रक गेल्यासारखा आवाज झाला आणि वरून माती तोंडावर पडली. मी उठलो आणि पळालो. शेजारच्या खोलीत आई निजली होती. तिच्या दारावरून पळालो. हाक मारली नाही. दार ओलांडताना ती आत आहे हे मला ठाऊक होतं, विसर पडला होता असं नाही. आमचं घर सगळं पडलं नाही, एक भिंत बाहेरच्या अंगाला ढासळली तेवढीच. आई तिच्या पायांनी चालत बाहेर आली, केसांत माती, पदर सावरत. गल्लीत मला बघून म्हणाली, "आलास का भाईर? बरं झालं." ती गेली तोवर तिनं तो विषय काढला नाही. मीही नाही. पुढं कुणी विचारलं की मी सांगायचो, आम्ही पळालो. आम्ही म्हणायचो.

तेव्हापासून माझ्या घरात पाण्याच्या तांब्यावर पेला नेहमी उपडा ठेवलेला असतो, कडेला जरा झुकता. जमीन हलली तर तो आधी वाजावा. आमच्या भागात असं बऱ्याच घरांत करायचे, पुढं लोकांनी सोडलं. मी नाही सोडलं.

त्या वर्षी अकरावीला एक मुलगी होती. पुनर्वसनाच्या गावातली, शेतकऱ्याची. तिच्या आधीची दोन भावंडं त्या पहाटे धाब्याखाली, मातीच्या छताखाली गेली. तिच्या आईचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं होतं, ते पुन्हा दवाखान्यात जाऊन उलटवून घेतलं, आणि मग ही झाली. अशी लेकरं त्या गावांमधून बरीच. आईबाप त्यांना नजरेआड होऊ देत नाहीत. ही मात्र हट्टानं लातूरला आली होती. वसतिगृहात सगळी पोरं मार्कांचं बोलायची, ही एकटी मला जिन्यात गाठून विचारायची, "सर, देवडी म्हणजे काय? आत बायका कुठं बसायच्या? उन्हाळ्यात पंखे नव्हते तर झोपायचे कसे?" तिनं दगडी भिंतीचं घर आतून कधी पाहिलंच नव्हतं. मला वर्षानुवर्षांनी कुणी ऐकणारं भेटलं होतं. खुललो मी. नांदेडच्या एका देवडीबद्दल इतकं रंगवून सांगितलं, की ती सहलीच्या मागंच लागली.

सहलीच्या आधी तिचे वडील वसतिगृहावर आले, डोक्यावर पांढरी टोपी. भाकरीचं गाठोडं आणि शेंगदाण्याची चटणी मुलीला देऊन माझ्या टेबलासमोर उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"लेक म्हणती सहलीला जाऊ द्या. कुठं नेऊन राहिलात सर?"

"कंधारचा किल्ला, नांदेडला गुरुद्वारा, आणि एक जुनी देवडी."

"देवडी म्हंजी घरच का?"

"घरच. मोठं घर."

"छत कशाचं हाय?"

या प्रश्नावर परगावचा माणूस हसेल. आमच्याकडं कुणी हसत नाही. सोयरीक जुळवायला गेले तरी जमिनीच्या आधी छत विचारतात. मुलगा कितीही शिकलेला असो, घर धाब्याचं असलं की चहा पिऊन उठतात.

ती देवडी मी आदल्या महिन्यात बघून आलो होतो. उंबऱ्यात उभा राहून, अर्थात. सागाच्या तुळया, वर माळवद, म्हणजे मातीचं धाबंच. पावसाळ्याआधी दरवर्षी पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायचा, जुना खरवडायचा नाही, अशा पिढ्यान् पिढ्यांच्या मातीचं ओझं. आमच्या गावात मी स्वतः चुलत्याबरोबर असाच थर चढवायचो. छत गळू नये म्हणून जे करायचो, त्यानंच माणसं दाबली.

"स्लॅब आहे," मी म्हणालो. "जुनं सगळं काढून टाकलंय."

"आनि भिंती?"

"विटांच्या. सिमेंटमधल्या."

"तुम्ही डोळ्यांनी बघितलंय ना?"

"बघितलंय."

त्यांनी मान हलवली. "मग झालं. हिच्या मायला मी समजावतो. सर, तुमच्यावर सोपवली बघा."

खरं सांगितलं असतं तर ती मुलगी वसतिगृहावर राहिली असती, दुसरं काही झालं नसतं. पण मला ती तिथं हवी होती. माझं बोलणं ऐकायला. इतकं क्षुल्लक कारण.

सकाळी बस अहमदपूर, लोहा करत कंधारला पोचली. किल्ल्यात मी चांगला बोललो. वर आभाळ होतं, भोवती पाण्याचा खंदक, भिंत कुठं अंगावर नाही. मुलांना खंदकाचं गणित सांगितलं, शत्रूनं यायचं कुठून आणि तोफ ठेवायची कुठं. ती मुलगी पुढं उभी राहून ऐकत होती. नांदेडला गुरुद्वाऱ्यात लंगरमध्ये पोरं पोटभर जेवली, वसतिगृहाच्या पातळ वरणाला नावं ठेवत. आणि बस जुन्या गावाकडं वळली तसा मी खिडकीतून दोन्हीकडची छतं बघू लागलो.

देवडी अरुंद गल्लीत. घराची मालकीण साठीच्या पुढची, सगळे तिला आपा म्हणत. नवऱ्याच्या घराण्याचं बांगड्यांचं दुकान, ते आता पुतणे बघत. मुलं बाहेरगावी. आपा एकटी त्या घरात राहायची आणि कुणी बघायला आलं की हरखायची.

"या, या. जोडे इथं काढा. आधी पानी प्या पोरींनो, भिंती काय पळून चालल्या न्हाईत."

मुलं आत घुसली. मी उंबऱ्यात.

"सर, आत या की!" कुणीतरी ओरडलं.

"इथून आवाज सगळ्यांना जातो."

"सरांचं नेटवर्क दारातच येतं रे," एक पोरगा म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसलो.

आपा मला म्हणाली, "अवो सर, मागल्या खेपेलाबी तुम्ही इथूनच गेलात. भिंतीला काय भिता? ही माझ्या सासूपेक्षा गरीब हाय."

मी उंबऱ्यातून बोलत राहिलो. हे दालन, इथं पाहुणे. त्या पडद्यामागं बायकांची खोली. कोनाडे, त्यांत दिवे आणि काचेचे पेले. बोलताना नजर वर. पुढच्या तुळईखाली भिंतीनं किंचित पोट काढलं होतं. मागच्या महिन्यात ते दिसलं होतं का? आठवेना. भिंतीपलीकडं शेजारचं जुनं घर पाडलेलं होतं, तिथं कुठल्याशा क्लासची इमारत व्हायची होती. बोअरची गाडी उभी होती, माणसं जेवायला बसली होती. मी मुलांना म्हणणार होतो, चला, आता आटपा. एवढ्यात त्या माणसांचं जेवण झालं.

बोअर सुरू झाला आणि आवाज आधी पायांत आला. मग कोनाड्यातले पेले एकमेकांना लागले, बारीक, किणकिण. मग वरून माती. फार नाही, चाळणीतून पडावी तेवढी. एका मुलीच्या खांद्यावर पडली आणि तिनं "ई" केलं.

मी पळालो.

मला मागाहून कळलं की मी काहीतरी ओरडलो होतो, पण 'बाहेर या' असं नाही. नुसता ओरडलो. गल्ली ओलांडून पलीकडं एका बंद दुकानाच्या शटरला पाठ लावली तेव्हा मला पाय असल्याचं कळलं. पायात एकच चप्पल होती. मुलं माझ्या मागून येत होती, खोकत, हसत, एकमेकांच्या डोक्यावरची माती झटकत. त्यांना ती मजा वाटत होती. मी त्यांच्यात माझ्यावर सोपवलेल्या त्या मुलीचा चेहरा शोधत होतो.

वसतिगृहात तिच्या खोलीत राहणारी मैत्रीण माझ्याजवळ आली. "सर, ती आत आहे. ती मघाच आत गेली होती, बायकांच्या खोलीत. बाहेर आलीच नाही."

"हाक मार," मी म्हणालो.

तिनं मारली. बोअरच्या आवाजात हाक गल्लीतच विरली.

"सर, तुम्ही जाता का?"

गल्ली किती रुंद असेल? एक रिक्षा जाईल एवढी. समोर उघडं दार, आत अंधार, आणि त्या अंधारातून पांढरी धूळ बाहेर येत होती. मला त्या मुलीच्या वडिलांचं 'सोपवली बघा' ऐकू येत होतं. मी एक पाऊल टाकलं. खरंच टाकलं. आणि तिथंच थांबलो.  घशात मातीची चव आली, ती त्या दिवसाची की जुनी, कळलं नाही. मनात म्हणत होतो, आता पडेल, आता पडेल. आणि त्याच्याही खाली एक विचार होता जो लिहायला हात कचरतो: पडायचं असेल तर मी जायच्या आधी पडू दे.

मुलं माझ्याकडं बघत होती. हसू थांबलं होतं. तो नेटवर्कवाला पोरगा म्हणाला, "मी जाऊ का सर?" मी त्याचा दंड धरला. जाऊ दिलं नाही, हे शहाणपण म्हणा. पण मला माहीत आहे, मी त्याला धरलं होतं की त्याच्या आधारानं उभा होतो.

बोअर थांबला. पाइप बदलायला थांबवला असेल. धूळ बसली. आणि दारात आपा आली, ओठांवर बोट ठेवून.

"काय कालवा लावलाय? लेकरू निजलंय आत."

"निजलंय?"

"तखतावर. मघाच डोळा लागला तिचा. मीच चादर घातली. ती मशीन सुरू झाली तवा उशाशी बसले तिच्या, दचकू नये म्हून. हलली पन न्हाई पोरगी."

"उठवा तिला," मी म्हणालो. "लवकर उठवा. बाहेर आणा."

"तुम्हीच या ना. तुमची पोर हाय."

मी पोराचा दंड सोडला नाही. आपानं माझ्याकडं नीट बघितलं. पायातली एक चप्पल बघितली. मग आवाज उतरवून म्हणाली, "तिकडले का तुम्ही? किल्लारीकडले?"

"नाही," मी म्हणालो. "मी लातूरचा."

ती आत गेली आणि मुलीला हाताला धरून घेऊन आली. केस विस्कटलेले, गालावर तक्क्याच्या नक्षीचे वळ. डोळे चोळत ती उजेडात आली आणि एवढी मुलं आपल्याकडं बघतायत म्हणून लाजली.

बसमध्ये ती माझ्या पुढच्या बाकावर होती. "सर, आत किती गार होतं! आवाजच नाही कसला. मी नुसतं टेकले आणि..." मग वळून म्हणाली, "तुम्ही आत का नाही आलात?"

"मुलं मोजत होतो."

ती पुढं वळली. लोहा मागं पडल्यावर मी वाकून म्हणालो, "घरी हे सांगू नकोस. वडील उगीच काळजी करतील."

"मी खोटं नाही बोलत त्यांच्याशी."

"खोटं नाही. फक्त सांगायचं नाही."

तिनं खिडकीकडं तोंड केलं. सोळा वर्षांच्या पोरीला मी माझं ओझं उचलायला सांगत होतो, आणि ते तिला कळत होतं.

पुढचा आठवडा मी फाटकाकडं बघत काढला. पांढरी टोपी दिसली की आतल्या खोलीत सरकायचो. टेबलावरचा फोन वाजला की दुसऱ्याला उचलायला लावायचो. जेवताना बायको म्हणाली, "बरं वाटत नाही का?" मी म्हणालो, "पित्त झालंय." रविवारी तिचे वडील आले. तिच्या मैत्रिणीच्या घरून त्यांच्या गावात बातमी गेली होती. या वेळी गाठोडं नव्हतं. त्यांनी मुलीला बोलावून घेतलं आणि तिच्यासमोर मला विचारलं.

"सर, लोक म्हणून राहिलेत, तुम्ही लेकीला धाब्याखाली नेलं. खरं हाय का?"

मी म्हणालो, "नाही. ती आत गेलीच नाही. माझ्याबरोबरच होती, पूर्ण वेळ."

किती सरळ आलं तोंडातून. मुलगी माझ्याकडं बघत होती. रागानं नव्हे. मी थकलो असेन आणि मला बसायला जागा द्यावी, असं काहीतरी त्या नजरेत होतं. मग ती वडिलांना म्हणाली, "दादा, मी गेले होते आत. झोपले होते."

"काय?"

"झोप लागली मला. त्या आपांनी चादर घातली."

वडील तिच्याकडं बघत राहिले. मला वाटलं आता हात उचलतील, तिच्यावर नाहीतर माझ्यावर. त्यांनी टोपी काढली आणि हातात धरली.

"झोप लागली?" ते म्हणाले. "आतमधी?"

"हाव. गाढ."

"तुला तर घरीबी लागत न्हाई."

"माय उठवती ना दर घडीला. श्वास बघायला."

ते पहिल्यांदा खुर्चीवर बसले. बराच वेळ टोपीची घडी मोडत होते, घालत होते.  मग मान वर न करता मला विचारलं, "आनि तुम्ही कुठं व्हता?"

आता खोटं उरलं नव्हतं. "गल्लीच्या पलीकडं," मी म्हणालो. "मी पळालो. तिला आत ठेवून पळालो. छत मातीचंच आहे. तुम्हाला सांगितलं ते खोटं होतं."

मी एवढं बोलावं म्हणून तिला आधी बोलावं लागलं. ही गोष्ट मी त्यानंतर कुणाला सांगितली नाही, बायकोलाही नाही.

त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. "सामान बांध," ते मुलीला म्हणाले.

"मी न्हाई येणार दादा."

"तुझ्या मायला काय सांगू मी?"

"सांगा, झोपली होती म्हून. काय न्हाई झालं म्हून."

"आनि झालं असतं तर?"

  ती हलली नाही, दोन्ही हातांनी दाराची चौकट धरून उभी राहिली. ते उठले, तिच्या डोक्यावर हात ठेवला, थोडा जास्तच वेळ, आणि बाहेर पडले.

मी त्यांच्या मागं स्टँडपर्यंत गेलो. बोलावलं नव्हतं. गर्दी होती, क्लासच्या जाहिराती सगळ्या खांबांवर, आणि ते त्यांतल्या पहिल्या आलेल्या पोरांच्या फोटोंकडं न बघता चालत होते. चहा घेता का म्हटलं, नको म्हणाले. गाडी लागली तेव्हा पायरीवर एक पाय ठेवून थांबले.

"तुमच्यावर सोपवली व्हती," ते म्हणाले. "आता तुमच्यावर न्हाई. तिची तिलाच सोपवली. तुम्ही तिच्या मधी येऊ नका."

"नाही येणार," मी म्हणालो.

ते चढले.

वसतिगृहावर परत आलो तेव्हा ती जिन्यात भौतिकशास्त्राचं पुस्तक घेऊन बसली होती. उघडं होतं, पण वाचत नव्हती.

"गेले का दादा?"

"गेले."

"बसायला मिळालं त्यांना?"

"खिडकीपाशी."

तिनं मान हलवली, पुस्तक मिटलं आणि क्लासला निघून गेली. जिन्यात मला तिनं पुन्हा कधी काही विचारलं नाही.